तराजू धरणाऱ्या हातांची भूक

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दादरच्या रानडे रोडवर, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा नागपूरच्या सीताबर्डीत पाऊल ठेवायला जागा नसते. दुकानांच्या काचांमागे दिव्यांची आरास असते, मिठाईच्या परातींवर वर्ख चढलेला असतो आणि फराळाच्या सामानाच्या याद्या घेऊन गिऱ्हाइके किराणा दुकानांपुढे उभी असतात. या गर्दीत एक माणूस सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. तो रवा-मैदा तोलतो, साड्यांच्या घड्या उलगडतो व पुन्हा घालतो, पुडा बांधतो, बिल फाडतो. सकाळी दहाला तो उभा राहिलेला असतो आणि रात्री शटर ओढल्यानंतर हिशेब जुळेपर्यंत उभाच असतो. दुपारी काय खाल्ले, हा प्रश्न त्याला कुणी विचारीत नाही. विचारलाच, तर पुष्कळदा उत्तर येते ते एक वडापाव व दोन कप चहा असे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या वडापावालाही फाटा मिळतो.

भूक म्हटली की महाराष्ट्राला १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडणारे हात आणि सुकडी आठवते. शहरातील दुकान-कामगाराची भूक तशी उघड्यावर दिसत नाही. त्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा असतो. मोठ्या मॉलमध्ये नोकरीला असला तर कंपनीचा गणवेश असतो. मालकाच्या दुकानाची शोभा राखणे हा त्याच्या नोकरीचाच भाग असल्यामुळे आपले दारिद्र्य झाकून ठेवणेही त्याला भाग पडते. ही भूक चोरपावलांनी घरात शिरते. प्रथम दूध अर्धे होते. मग डाळ पातळ होते. फळे सणापुरती व आजारपणापुरती उरतात. भाजीच्या जागी बटाट्याचा रस्सा येतो. शेवटी घरातील बाई 'मला आज भूक नाही' असे म्हणू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणी रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्यांत केवळ दुकानांत काम करणाऱ्या स्त्रिया नाहीत हे खरे. पण दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या त्या आकड्याबाहेर आहेत असे मानण्याचे काहीही कारण नाही.

या कुटुंबांच्या घरी चूल पेटत नाही असे कुणी म्हणत नाही. ती उद्या पेटेल, महिनाअखेरीस पेटेल आणि तिच्यावर पुरेसे शिजेल, याची शाश्वती त्यांना नाही. अन्नाची असुरक्षितता म्हणतात ती हीच. ज्याच्या हातातून दिवसभर शहराचे अन्नधान्य जाते, त्याच्याच घरी त्या धान्याची शाश्वती नसावी, ही या व्यवस्थेची विसंगती आहे. ती दैवाने घडविलेली नसून वेतनाच्या व शिध्याच्या सरकारी नियमांनी घडविलेली आहे.

हिशेब काय सांगतो?

१९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला. देशातील बहुसंख्य माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हे त्यांचे म्हणणे सरकारपक्षाला मान्य नव्हते. सरकारचा आकडा पंधरा आण्यांचा होता. त्या वादाचे थोर महत्त्व असे, की गरिबाच्या पोटाचा हिशेब त्याने देशाच्या सर्वोच्च सभागृहात मध्यभागी आणून ठेवला. दुकान-कामगाराच्या पोटाचा हिशेबही त्याच पद्धतीने मांडला पाहिजे.

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुकाने व व्यापारी संस्थांतील कामगारांच्या किमान वेतनाचे दर सुधारले. त्यापूर्वीचे दर २०१० सालचे होते. म्हणजे पाच वर्षांच्या आत दर सुधारावेत, ही किमान वेतन कायद्याची अपेक्षा सरकारनेच पाळली नव्हती. नव्या दरांप्रमाणे महानगरांचा समावेश असलेल्या पहिल्या परिमंडळात अकुशल कामगाराचे मूळ वेतन दरमहा १०,०२१ रुपये ठरले, तर कुशल कामगाराचे ११,६३२ रुपये. त्यावर निर्देशांकानुसार विशेष भत्ता मिळतो. तो महागाईच्या मागून धावतो. तिला गाठीत नाही.

आता त्याच वर्षाच्या भावाने एक साधा हिशेब करून पाहावा. नवरा-बायको व दोन मुले असे कुटुंब धरले, दर माणशी दिवसाच्या सर्व खाण्यापिण्याला अवघे चाळीस रुपये धरले, तरी महिन्याला ४,८०० रुपये होतात. दूरच्या उपनगरात, चाळीतील एका खोलीचे भाडे चार हजार धरले, तर उरतात १,२२१ रुपये. त्यात गाडीचा पास, वीज, गॅस, मुलांची शाळा, औषधपाणी, म्हाताऱ्या आईवडिलांना गावी पाठवायचे पैसे आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात, हे सारे बसवायचे आहे. ते बसत नाही. भाडे थकविता येत नाही, कारण घरमालक बाहेर काढील. पास चुकविता येत नाही, कारण नोकरी जाईल. चुकविता येते ते एकच, आणि ते म्हणजे जेवण. गरीब कुटुंबाच्या अंदाजपत्रकात अन्न हीच अशी एक बाब आहे, की तिच्यात कपात केली तर कुणी नोटीस बजावीत नाही.

वेतनात पोटाचा विचार नसावा असे काही या देशाने ठरविलेले नव्हते. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष एकमताने मान्य केले. कामगाराचे कुटुंब तीन प्रौढांच्या आहाराएवढे धरावे, प्रत्येकी रोज २,७०० उष्मांक मिळावेत, कापड, घरभाडे व इंधन यांचा खर्च त्यात मिळवावा, असे ते निकष होते. १९९१ साली रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधोपचार, सणवार व म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ साली, उष्मांकांचे प्रमाण २,४०० पर्यंत खाली आणूनही, दिवसाला ३७५ रुपये म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये आणि शहरात घरभाड्यापोटी १,४३० रुपयांपर्यंत अधिक, असे राष्ट्रीय किमान वेतन सुचविले. दोन्ही मिळून ११,१८० रुपये होतात, आणि हे भाव २०१८ च्या जुलैचे. मुंबईसारख्या महागड्या शहरात वर्षभरानंतर ठरलेले अकुशल दुकान-कामगाराचे मूळ वेतन या सरासरी राष्ट्रीय आकड्याहूनही खाली होते. केंद्र सरकारने त्या शिफारशीचे काय केले? २०१९ मध्येच राष्ट्रीय तळवेतन १७६ रुपयांवरून १७८ रुपयांवर नेले. दिवसाला दोन रुपयांची ही वाढ दुकान-कामगाराच्या एका कप चहालाही पुरणारी नव्हती.

आणि हे सारे कायदा पाळला गेला असे गृहीत धरून चालले आहे. लहान दुकानांतून सहीच्या कागदावरील रक्कम एक आणि हातात पडणारी रक्कम दुसरी, हा प्रकार कामगार-वस्तीत फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला नवा नाही. 'नवशिकी' या नावाखाली मुलींना वर्षानुवर्षे कमी पगारावर राबविले जाते. महिन्याच्या मध्यास मालकाकडून उचल घ्यायची, ती पुढील पगारातून कापली जायची आणि पुढील महिना आणखी आखूड व्हायचा, या चक्रात सापडलेला माणूस नोकरी सोडण्यासही मोकळा राहत नाही.

वेतनही नाही, शिधाही नाही

वेतन अपुरे असेल तर रास्त भावाचे दुकान आहे, असे उत्तर यावर दिले जाते. ते तपासून पाहिले पाहिजे, कारण दुकान-कामगाराच्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य मिळते. हा हक्क मौल्यवान आहे. तो लोकांनी लढून मिळविलेला आहे. परंतु पात्र कुणाला म्हणायचे? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेकडा ७६ आणि नागरी भागात शेकडा ४५ लोकसंख्या, एवढीच मर्यादा या कायद्याखाली घालण्यात आली. त्या मर्यादेत बसविण्यासाठी राज्य शासनाने २०१३ साली नागरी भागातील प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये ठरविली. म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. त्यापलीकडे केशरी शिधापत्रिकेची मर्यादा वर्षाला एक लाख रुपयांची, आणि एक लाखावर उत्पन्न असेल तर पांढरी शिधापत्रिका.

आता किमान वेतनाचा आकडा या मर्यादांशेजारी ठेवावा. दरमहा १०,०२१ रुपये म्हणजे वर्षाला १,२०,२५२ रुपये. शासनाचाच एक विभाग ज्या रकमेला जगण्यापुरते किमान वेतन म्हणतो, ती शासनाच्याच दुसऱ्या विभागाच्या अन्नधान्याच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक ठरते. कायद्याने ठरविलेले किमान वेतन घेणारा, मिठाईच्या दुकानात परात धुणारा कामगार नियमाप्रमाणे पांढऱ्या शिधापत्रिकेचा धनी होतो. आणि त्या दुकानाचा मालकही पांढऱ्याच शिधापत्रिकेचा धनी असतो! समतेचे असे विडंबन दुसरे शोधून सापडणार नाही.

याहूनही गंभीर गोष्ट पुढे आहे. मालकाने कायदा मोडून कामगाराला महिन्याला साडेचार हजार रुपयेच दिले, तर त्या कुटुंबाला अन्नसुरक्षेचा दरवाजा उघडतो. मालकाने कायदा पाळून दहा हजार दिले, तर तो बंद होतो. वेतनचोरी करणाऱ्या मालकाला सरकारी धान्याचा टेकू आणि प्रामाणिक मालकाच्या कामगाराला शिक्षा, असा हा न्याय झाला. किमान वेतनाची मागणी करावी तर शिधा जाईल, अशी भीती कामगाराच्या मनात त्यामुळे निर्माण होते. प्रत्यक्षात जुन्या शिधापत्रिकांच्या आधारे कित्येक दुकान-कामगारांच्या घरी धान्य येतेही. पण ते हक्काने येत नाही. उत्पन्न लपवून, जीव मुठीत धरून येते. अपात्र शिधापत्रिका शोधण्याच्या मोहिमा शासन वेळोवेळी काढते. २०२५ मध्येही ती काढण्यात आली. भुकेल्या माणसाला खोटे बोलावयास लावायचे आणि मग त्याच्या खोटेपणाची चौकशी करायची, ही कल्याणकारी राज्याची रीत नव्हे.

शिवाय हा सारा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती २०२७ वर गेली. मधल्या काळात वाढलेली शहरांची वस्ती अन्नसुरक्षेच्या वहीत नोंदलेली नाही. लोकसंख्यावाढ न धरल्यामुळे देशभरात दहा कोटींहून अधिक माणसे या हक्कापासून वंचित राहिली, असा अंदाज ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा व मेघना मुंगीकर यांनी २०२० सालीच मांडला होता. गावाहून येऊन दुकानाच्या माळ्यावर झोपणारा तरुण त्यांत येतो. त्याचे नाव ना इथल्या शिधापत्रिकेवर असते, ना त्याला गावचे धान्य मिळते. देशात कुठेही शिधा उचलता यावा अशी सोय कागदावर झाली आहे. पण दुकान उघडे असते त्या वेळी तो गल्ल्याशेजारी उभा असतो.

आणि ज्याला धान्य मिळते त्याचेही पोट त्याने भरत नाही, हे विसरून चालणार नाही. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला वीस किलो धान्य मिळते. त्यातून सुमारे सत्तर हजार उष्मांक मिळतात. श्रम परिषदेच्या निकषाप्रमाणे त्या कुटुंबाची महिन्याची गरज दोन लाख त्रेचाळीस हजारांची आहे. म्हणजे शिधा हा गरजेच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक आहे. डाळ, तेल, दूध, भाजी ही बाजारातूनच आणावी लागतात. शिधा हा वेतनाला जोड देऊ शकतो, वेतनाची जागा घेऊ शकत नाही. दुकान-कामगाराला तर जोडही नाही आणि पुरते वेतनही नाही.

स्वस्त मजुरीचे ओझे कुणावर?

अपुऱ्या वेतनाचे ओझे अखेर कुणी तरी वाहावेच लागते. ते कुणावर पडते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. जगातील सर्वात बलाढ्य किरकोळ विक्री कंपनी, वॉलमार्ट, त्या देशाची. तेथील काँग्रेसच्या हिशेब तपासणी कार्यालयाने, समाजवादी विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या मागणीवरून, ऑक्टोबर २०२० मध्ये एक अहवाल सादर केला. सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या नोकरदारांपैकी सुमारे शेकडा सत्तर जण आठवड्याला पस्तीस तास किंवा त्याहून अधिक काम करणारे होते, आणि ज्या मालकांकडे असे कामगार सर्वाधिक होते त्यांत वॉलमार्टचे नाव ठळक होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ओहायो राज्यातील कँटन गावच्या वॉलमार्टमध्ये कामगारांसाठीच्या जागेत काही पेट्या ठेवलेल्या आढळल्या. गरजू सहकाऱ्यांच्या सणाच्या जेवणासाठी इतर कामगारांनी त्यांत खाद्यपदार्थ टाकावेत, असे आवाहन त्यांवर होते. गोदामे अन्नाने भरलेली, आणि त्या अन्नाची राखण करणाऱ्यांनी एकमेकांना भिक्षा घालावी!

अमेरिकेत मालकाने वाचविलेल्या वेतनाचा भार निदान काही अंशी सरकारी तिजोरीवर पडतो, आणि तो किती, हे मोजता तरी येते. महाराष्ट्रात तो कुणाच्याच वहीत दिसत नाही. तो पडतो कामगाराच्या शरीरावर, वस्तीतल्या वाण्याच्या उधारीच्या वहीवर, बचत गटाच्या कर्जावर आणि सर्वात अधिक घरातील स्त्रीच्या ताटावर. मोठ्या दुकानांतून ग्राहकाला जी सवलत मिळते, तिचा काही भाग या ताटांतून काढून घेतलेला असतो.

जेवणाचा अर्धा तास

भुकेला केवळ पैसा कारण नाही. वेळही कारण आहे. दुकानातील नोकरांच्या कामाचे तास बांधणारा देशातील पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ साली केला आणि १९४८ च्या कायद्याने तो अधिक व्यापक झाला. एका नोकराचे दुकानही त्याच्या कक्षेत होते. २०१७ साली महाराष्ट्राने त्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवसाला नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी, शंभर कामगार असतील तिथे उपाहारगृह हवे, अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु त्या दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू करण्यात आल्या. शहरातील बहुसंख्य दुकाने दहाच्या आतली. तेथील कामगाराच्या जेवणाचा अर्धा तास एका फटक्यासरशी कायद्याच्या संरक्षणातून गेला. एवढ्यावर न थांबता, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा करण्यास आणि कायद्याची कक्षा वीस कामगारांपासून पुढे ठेवण्यास मान्यता दिली. व्यवसायसुलभता या गोंडस नावाखाली हे घडले. जेवणसुलभतेचा विचार त्यात कुणाला सुचला नाही.

गर्दीच्या वेळी 'थोड्या वेळाने जेव' असे सांगितले जाते, आणि तो थोडा वेळ चार वाजता येतो. डबा आंबलेला असतो. बसायला जागा नसते. कपड्यांच्या गठ्ठ्यांआड उभ्याने चार घास खाल्ले जातात. स्वच्छतागृह नसल्यामुळे विक्रेत्या मुली पाणीही मोजून पितात. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, हे स्वागतार्ह होते. पण तिची वेळ दुपारी बारा ते दोन अशी होती, आणि नेमक्या त्याच वेळी दुकान-कामगाराला गल्ला सोडता येत नाही. गरिबांसाठी योजना आखताना गरिबाचे घड्याळ पाहिले जात नाही, याचे हे उदाहरण होय.

केरळात कोळिकोडच्या बाजारपेठेतील विक्रेत्या स्त्रियांनी हा प्रश्न हाती घेतला. पी. विजी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'पेनकूट्टू' या संघटनेने प्रथम स्वच्छतागृहाची आणि मग बसण्याच्या हक्काची मागणी केली. मागणी इतकी साधी, की ऐकणाऱ्याला हसू यावे. पण त्या लढ्यातून २०१८ साली केरळने दुकान-कायदा बदलला आणि २०२१ साली तमिळनाडूने त्याचे अनुकरण केले. खुर्ची मिळते तेव्हा डबा उघडायलाही जागा मिळते. महाराष्ट्राच्या पुरोगामी परंपरेचा उल्लेख भाषणांतून वारंवार होतो. या बाबतीत मात्र महाराष्ट्र मागे राहिला आहे.

लहान दुकानदाराचे काय?

यावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल, आणि तो कार्यकर्त्यांनी टाळू नये. लहान दुकानदार स्वतःच अडचणीत आहे, असे म्हटले जाईल. एका बाजूला मॉल, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या. अशा वेळी तो वाढीव वेतन कुठून देणार? आक्षेपात तथ्य आहे. दोन नोकरांचा किराणा दुकानदार आणि देशभर गोदामे उघडणारी कंपनी यांना एकाच मापाने मोजणे हा समाजवाद नव्हे. परंतु दुकानदाराची अडचण नोकराच्या उपासाने सुटणार नाही. तो ज्या वस्तीत धंदा करतो, त्या वस्तीची खरेदीशक्ती म्हणजे अशाच कामगारांचे वेतन होय. वेतन आटले की गल्लाही आटतो.

शिवाय या स्पर्धेचे खरे हत्यार स्वस्त मजुरी हेच आहे. मोठ्या कंपन्यांच्या गोदामवजा दुकानांत, ज्यांना धंद्याच्या भाषेत डार्क स्टोअर म्हणतात, कंत्राटदारामार्फत घेतलेली मुले घड्याळाच्या काट्यावर धान्य, दूध, भाजी पिशव्यांत भरतात. तेथील वेतन व तास काटेकोरपणे बांधले, तर लहान दुकानदारावरील अन्याय्य दडपणही कमी होईल. लहान व्यापारी व कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात हित आहे ते बड्या भांडवलाचे.

विखुरलेल्या मालकांकडून विखुरलेल्या कामगारांचे हित साधण्याची वाट महाराष्ट्राने पूर्वीच दाखविली आहे. १९६९ चा माथाडी कायदा हे तिचे नाव. मालक व कामगार यांची मंडळाकडे नोंदणी, वेतनावर मालकाकडून लेव्ही, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा अशी ती रचना आहे. ज्या बाजारपेठेत पोते वाहणाऱ्या हमालाला मंडळ मिळू शकते, त्याच बाजारपेठेत ते पोते फोडून किलोकिलोने विकणाऱ्याला ते का मिळू नये? पुण्यात दिवंगत बाबा आढाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हमाल पंचायतीतर्फे 'कष्टाची भाकर' चालविली. कष्टकऱ्याला कमी दरात, अपमान न होता, पोटभर जेवण देता येते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

कार्यक्रम कोणता?

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. कामगारांच्या अनेक संघटनांचा त्यांना विरोध आहे आणि तो रास्त आहे. तथापि वेतन संहितेने किमान वेतन सर्वच नोकऱ्यांना लागू केले आहे, आणि तिच्या नियमांच्या २०२० च्या मसुद्यात २,७०० उष्मांकांचा जुना निकष नमूद केलेला होता. त्या एका आकड्यावर सरकारला धरून ठेवता येईल. म्हणून मागण्या पुढीलप्रमाणे स्पष्ट असाव्यात.

पहिली, दुकान-कामगाराचे किमान वेतन श्रम परिषदेच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या निकषांवर, स्थानिक बाजारातील अन्नाच्या भावाने ठरावे आणि ठरलेल्या मुदतीत सुधारावे. दुसरी, शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी बांधावी. किमान वेतनाएवढे किंवा त्याहून कमी उत्पन्न असलेले एकही कुटुंब अन्नसुरक्षेबाहेर राहता कामा नये, आणि वेतन वाढले की मर्यादाही आपोआप वाढावी. तिसरी, कामाचे तास, जेवणाची सुटी व बसण्याचा हक्क एका कामगाराच्या दुकानालाही लागू व्हावा. चौथी, प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत माथाडीच्या धर्तीवर मंडळ आणि त्याच्या लेव्हीतून सामाईक भोजनालय व स्वच्छतागृह उभे राहावे.

या मागण्या निवेदनात लिहिल्याने मिळणार नाहीत. इथे कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावयास हवे. गिरणी, गोदी, रेल्वे, महापालिका येथील कामगारांत पक्षाने काम केले. दुकान-कामगार मात्र बहुधा दुर्लक्षित राहिला. त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यामुळे तो पांढरपेशा वाटला. तो एका दुकानात दोघे, दुसऱ्यात तिघे असा विखुरलेला. मालकाच्या नजरेसमोर बारा तास असलेला. संघटित होण्यास अवघड. म्हणूनच त्याला संघटनेची गरज अधिक आहे. साप्ताहिक सुटीच्या दिवशी त्याच्या वस्तीत जावे. बाजारपेठेतील एकेक गल्ली घेऊन किती दुकाने, किती कामगार, हातात पगार किती, शिधापत्रिका कोणती, दुपारी जेवायला वेळ किती, अशी साधी नोंद करावी. ही वही तयार झाली की मोर्च्याचे अर्धे काम झाले.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर व त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन बायका उतरल्या. साखर, तेल, धान्य हे त्यांचे प्रश्न होते; म्हणजे स्वयंपाकघराचे प्रश्न होते आणि म्हणूनच ते राजकारणाचे प्रश्न होते. त्या बायकांपैकी कित्येकींच्या नाती आज त्याच रस्त्यांवरील दुकानांत काचेमागे उभ्या असतील. आजीने महागाईविरुद्ध लाटणे उचलले. नातीच्या वाट्याला तेच लाटणे आले आहे, पण पोळ्या मोजून लाटण्यासाठी.

पुढच्या दिवाळीतही बाजार फुलतील, याद्या निघतील, पुडे बांधले जातील. त्या पुड्यांना दोरा गुंडाळणारा माणूस रात्री घरी जाईल तेव्हा त्याच्या ताटात काय असेल, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा म्हणून सोडून देता येणार नाही. जो समाज धान्य तोलून घेताना तराजूच्या काट्याकडे बारीक नजरेने पाहतो, त्याने तराजू धरणाऱ्या हाताकडेही एकदा पाहावे. तो हात थरथरत असेल, तर मापात खोट आहे. आणि ती खोट दुरुस्त करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.